नक्कल की पत्ता?



आजचा विषय संगणकाचा आहे. विषयाचे नाव ऐकून कुणी रेडिओ बंद करू नये, कारण ज्या प्रश्नाबद्दल मी बोलणार आहे तो आपल्या गावातल्या माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. प्रश्न असा, की एखाद्याला काम सांगताना त्याच्या हाती वस्तूची नक्कल द्यावी, की मूळ वस्तू कुठे आहे त्याचा पत्ता द्यावा?

आमच्या कन्नड तालुक्यातलेच उदाहरण घ्या. शेतकऱ्याला पीककर्ज हवे आहे, जमिनीचा पुरावा दाखवायचा आहे. तो सातबाराची नक्कल काढून देऊ शकतो, किंवा गावाचे नाव आणि गट नंबर सांगून म्हणू शकतो, “दप्तर तुम्हीच बघा.” नक्कल दिली, आणि कारकुनाने तिच्यावर पेनाचा फराटा ओढला, तरी मूळ नोंदीला धक्का लागत नाही. मात्र नक्कल काढल्यावर मूळ नोंद बदलली, तर हातातला कागद जुना ठरतो. गट नंबर दिला की पाहणारा थेट मूळ नोंदीपाशी पोचतो. त्याला नेहमी ताजी नोंद दिसते. पण तिथे लिहिण्याची मुभा असेल, तर त्याच्या हातची चूकही थेट मूळ दप्तरात उतरते.

आता संगणकाकडे वळू. मोठा प्रोग्रॅम एकाच दमात लिहीत नाहीत. त्याचे लहान लहान भाग पाडतात. एक भाग व्याज काढतो, दुसरा बेरीज करतो, तिसरा यादी लावतो. या भागांना उपप्रोग्रॅम म्हणू. मुख्य प्रोग्रॅम त्यांना कामासाठी जी सामग्री पुरवतो, तिला पॅरामीटर म्हणतात. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाष्या लागतो, त्याचे नाव कंपायलर. पॅरामीटर नकलेने पाठवायचा की पत्त्याने, हे पुष्कळ वेळा हा दुभाष्या ठरवतो.

तो कशावरून ठरवतो? पहिली गोष्ट, वस्तूचा आकार. आजच्या बहुतेक यंत्रांत पत्ता ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटांचा असतो. एखादी संख्याही ८ बाइटांचीच असेल, तर पत्ता पाठवून वाचत काहीच नाही. उलट त्या पत्त्यावर जाऊन संख्या आणण्याचा हेलपाटा वाढतो. म्हणून लहान वस्तू नकलेने जाते, आणि तीही बहुधा प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेल्या रजिस्टर नावाच्या खणांतून. पण दहा हजार संख्यांची यादी असेल तर? प्रत्येकी ८ बाइट धरले, तर ८०,००० बाइटांची नक्कल करावी लागेल, आणि बदललेली यादी परत हवी असेल, तर तेवढेच बाइट पुन्हा मागे न्यावे लागतील. तिथे ८ बाइटांचा पत्ता देणे शहाणपणाचे. पितळखोऱ्याची लेणी मुलांना दाखवायची तर आपण डोंगर वर्गात आणत नाही. मुलांनाच तिकडे नेतो.

दुसरी गोष्ट, वस्तूची जात. काही वस्तूंची नक्कल करण्यात अर्थच नसतो. दोन कामे एकाच वेळी एका नोंदीवर तुटून पडू नयेत म्हणून प्रोग्रॅममध्ये कुलूप ठेवतात. त्या कुलपाची नक्कल करून दुसऱ्याला दिली, तर दोघेही आपापले कुलूप लावून बसतील आणि मूळ दार उघडेच राहील! अशा वस्तूचा पत्ताच द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट, वस्तू राहते कुठे. ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा आठ खुणा एका बाइटात दाटीवाटीने बसवता येतात. पण यंत्र पत्ता देते तो बाइटाला. आतल्या एकेका खुणेला स्वतंत्र घर नंबर नसतो. म्हणून ती खूण उचलून, तिची नक्कल करूनच पाठवावी लागते. तसेच काम दुसऱ्या यंत्रावर चालणार असेल, तर आपल्या यंत्रातला पत्ता तिकडे काय कामाचा? तिथेही नक्कलच जाते. आणि कधी कधी उपप्रोग्रॅम इतका लहान असतो, की कंपायलर त्याच्या ओळी उचलून मुख्य प्रोग्रॅममध्येच बसवतो. मग नक्कलही नको आणि पत्ताही नको.

या प्रश्नाला इतिहास आहे. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही भाषा आणली. पुढच्याच वर्षी तिच्यात उपप्रोग्रॅम लिहिण्याची सोय झाली. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा स्वदेशी बनावटीचा संगणक सुरू झाला, आणि १९६४ साली तिथे सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले. त्या पिढीतल्या शास्त्रज्ञांचे बरेचसे गणित फोर्ट्रानमध्येच चाले. जुने फोर्ट्रान कंपायलर सामान्यतः पत्ता देत. त्यातून एक चमत्कारिक प्रकार घडे. उपप्रोग्रॅमला ‘४’ हा आकडाच सामग्री म्हणून दिला, आणि उपप्रोग्रॅमने तिथे ‘५’ लिहिले, तर पुढे त्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ‘४’ लिहिले असेल, तिथे तिथे यंत्र ‘५’ धरून चाले! चार म्हणजे चार, ही खात्रीसुद्धा राहिली नाही.

यावर निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे उपाय काढले. १९७० साली निकलाउस विर्थ यांनी प्रसिद्ध केलेल्या पास्कल भाषेत मूळ बदलायचे असेल, तर प्रोग्रॅम लिहिणाराने पॅरामीटरपुढे तशी खूण करावी असा नियम ठेवला. सी भाषेत किंमत नकलेनेच जाते. मूळ बदलायचे तर लिहिणारा स्वतः पत्ता काढून देतो, आणि खरे पाहता त्या पत्त्याचीही नक्कलच जाते. १९८३ साली प्रमाणित झालेल्या एडा भाषेने मात्र वेगळीच वाट धरली. तिने सांगितले, की तुम्ही फक्त हेतू लिहा. ही सामग्री नुसती वाचायची आहे, की फक्त भरून परत द्यायची आहे, की वाचून बदलायची आहे, एवढे सांगा. साध्या संख्या नकलेने जातील. पण अनेक रकान्यांच्या नोंदी आणि लांब याद्या कशा न्यायच्या ते बहुतेक वेळा कंपायलर पाहील. पुढे फोर्ट्रान ९० मध्येही हेतू सांगण्याची सोय आली.

आपण म्हणाल, ही तर दुभाष्याच्या घरची बाब झाली; आपल्याला तिचे काय? तर ऐका. एका सोसायटीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम आहे असे समजा. त्यात पैसे वर्ग करण्याचा एक उपप्रोग्रॅम आहे. पहिल्या खात्यातून ५०० रुपये वजा करायचे आणि दुसऱ्यात ५०० मिळवायचे, एवढेच त्याचे काम. चुकून दोन्हीकडे एकाच सभासदाचे खाते दिले गेले, आणि शिल्लक २,००० रुपये होती. कंपायलरने पत्ता दिला असेल, तर मूळ खात्यातून ५०० जातील, १,५०० उरतील, त्यात ५०० पडतील, पुन्हा २,०००. हिशेब बरोबर. आता नक्कल दिली असे धरा. पहिली नक्कल १,५०० होईल, दुसरी २,५०० होईल. काम संपल्यावर दोन्ही नकला मूळ जागी परत लिहिल्या जातील, आणि जी शेवटी लिहिली जाईल ती टिकेल. म्हणजे सभासदाचे ५०० रुपये बुडतील, नाहीतर सोसायटीचे! प्रोग्रॅम तोच, खाते तेच. कंपायलर बदलला आणि माणसाच्या घामाचा पैसा इकडचा तिकडे झाला.

दुसरा प्रसंग. काम अर्ध्यावर असताना चूक उद्भवली आणि उपप्रोग्रॅम थांबला. पत्ता दिला असेल, तर मूळ नोंद अर्धवट बदललेली राहते. नक्कल दिली असेल, तर मूळ जशीच्या तशी सुरक्षित. आपल्या महसुली दप्तराची रीत इथे आठवावी. जमिनीचा व्यवहार झाला की तो आधी फेरफार नोंदवहीत लिहितात, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला म्हणजे मग सातबारावर चढतो. नामंजूर झाला तर सातबाराला हात लागत नाही. ज्यांनी ही रीत घातली त्यांनी संगणक पाहिला नव्हता, पण अर्धवट कामाने मूळ बिघडू नये हे त्यांना पक्के कळले होते.

म्हणून एडा भाषेच्या १९८३ च्या नियमांत एक स्पष्ट वचन आहे. त्याचा मथितार्थ असा, की कंपायलरने नक्कल दिली की पत्ता, यावर ज्या प्रोग्रॅमचे उत्तर अवलंबून राहते तो प्रोग्रॅमच सदोष होय. मला हे वचन फार मोलाचे वाटते. दुभाष्याला सवलत दिली आहे ती काम लवकर व्हावे म्हणून. त्या सवलतीवर आपल्या हिशेबाचा खरेखोटेपणा टांगून ठेवण्याचा अधिकार लिहिणाराला नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. महाविद्यालयात हा विषय बहुधा दोन संख्यांच्या अदलाबदलीचे उदाहरण देऊन शिकवतात, आणि मुले दोन व्याख्या पाठ करून गुण मिळवतात. तेवढ्यावर थांबू नये. मुलांना फळ्यावर घरे आखून द्या, घरांना नंबर द्या, आणि नक्कल कुठे पडते व पत्ता कुठे पोचतो ते बोटाने दाखवायला लावा. पायथॉन शिकणाऱ्या मुलांना विचारा, की उपप्रोग्रॅमने यादीच्या आत बदल केला तर तो बाहेर का दिसतो, आणि त्याच नावाला नवी यादी जोडली तर का दिसत नाही? उत्तर असे, की तिथे मूळ वस्तूचाच धागा हाती येतो. वस्तूत केलेला बदल सर्वांना दिसतो. पण आपला धागा दुसरीकडे बांधला, म्हणून इतरांचे धागे हलत नाहीत. आणि मग वरचा ५०० रुपयांचा हिशेब त्यांच्याकडून वहीत करून घ्या. एकच खाते दोन्हीकडे आले आहे का, हे आधी तपासण्याची बुद्धी त्यातूनच येईल.

आज खेड्यातल्या माणसाचा सातबारा, पीकविमा, बँकेचे खाते, सारे कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅमच्या हाती आहे. तो प्रोग्रॅम लिहिणारी मुले उद्या आपल्याच शाळांतून जाणार आहेत. कुणाच्या मूळ नोंदीला हात लावायचा आहे आणि कुणाची नुसती वाचायची आहे, हे काम हाती घेण्यापूर्वी स्वच्छ लिहून ठेवावे, एवढी एक सवय त्यांना लागली तरी पुष्कळ झाले. नक्कल द्यायची की पत्ता, ते मग दुभाष्या खुशाल ठरवो.