समुद्रकांठीं जेवावें कोठें?



विट्याहून समुद्र दिसत नाहीं, परंतु समुद्राकडे जाणारा रस्ता आमच्या गांवावरूनच जातो. गुहागरच्या किनाऱ्यापासून निघालेला हा राजमार्ग चिपळूण ओलांडून कुंभार्ली घाट चढतो, पाटण-कऱ्हाड मागें टाकून विट्यास येतो आणि पुढें जतवरून विजापुराकडे जातो. त्यामुळें आमच्या दुष्काळी खानापूर तालुक्यांतील माणसास समुद्र अगदींच परका वाटत नाहीं. भल्या पहांटे निघालें कीं दुपारच्या सुमारास लाटांचा आवाज कानीं पडतो. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटींत आमच्या गाड्या ओळीनें घाट उतरूं लागतात. सोनेंचांदी गाळण्याच्या, म्हणजे आमच्याकडे ज्याला गलाई म्हणतात त्या धंद्यानिमित्त हिंदुस्थानभर पांगलेलीं आणि सुटीपुरतीं घरीं परतलेलीं कुटुंबें त्यांत असतात. शिवाय सांगली-कोल्हापूरचे पाहुणे, आजी-आजोबा आणि लेंकरें. उतरण्याची जागा महिनाभर आधीं ठरविलेली असते. जेवावयाचें कोठें, हें मात्र भूक लागल्यावर ठरतें! सुटीनंतर शाळा उघडली कीं हजेरीपटावर गैरहजेरीच्या ज्या खुणा पडत, त्यांतील कितीएकांचें कारण "सहलींत पोट बिघडलें" असें असे. म्हणून आज या एकाच गोष्टीविषयीं बोलावयाचें योजिलें आहे.

पोट बिघडलें म्हणजे आपण दोष देतों तो हवेला, पाण्याला किंवा माशाला. आमच्या पेठेंतील एक कुटुंब दोन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत किनाऱ्यावर गेलें होतें. वडील मंडळी एका घरगुती खानावळींत आमटी-भात जेवलीं. मुलांना तें रुचेना, म्हणून त्यांना वाळूवरच्या एका गाड्यावर तेलांत परतलेला चिनी पद्धतीचा भात घेऊन दिला. रात्रीं आठला खाल्लेला भात दहाच्या सुमारास उलटून पडूं लागला, आणि सहा वर्षांच्या नातीला पहांटे दवाखान्यांत नेऊन सलाईन लावावें लागलें. परत आल्यावर आजोबा मला म्हणाले, "गुरुजी, खारी हवा पोरीला मानवली नाहीं."

हवेचा यांत अपराध नव्हता. तांदळाच्या दाण्यावर बॅसिलस सिरियस नांवाच्या सूक्ष्म जंतूचीं बीजें असतात. भात शिजला तरी तीं मरत नाहींत. शिजलेला भात कोमट स्थितींत तासन्‌तास राहिला म्हणजे तीं अंकुरतात, जंतु वाढतात आणि एक विष तयार होतें. तें विष इतकें चिवट असतें, कीं पुढें तोच भात कढईंत कितीहि खमंग परतला तरी तें नाहींसें होत नाहीं. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात. गाड्यावाल्याचा भात बहुधा दुपारचा असतो. तसा तो असल्यावांचून त्याला दोन मिनिटांत बशी भरून देतांच येणार नाहीं. ज्वाला उंच उसळते, कढई खणखणते, वाफ येते, आणि आपल्याला वाटतें कीं अन्न डोळ्यांदेखत ताजें शिजलें! प्रत्यक्षांत शिजण्याची क्रिया सहा तासांपूर्वींच आटोपलेली असते.

तेव्हां प्रश्न शाकाहाराचा वा मांसाहाराचा नाहीं, गाड्याचा वा उंची हॉटेलाचाहि नाहीं. प्रश्न वेळेचा आहे. आरोग्यशास्त्र सांगतें कीं शिजलेलें अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णमानाच्या दरम्यान दोन तासांहून अधिक राहूं नये. आणि भोंवतालची हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. कोंकणांतील मे महिन्याची दुपार डोळ्यांपुढें आणा. घाटावर कोरड्या हवेंत जी भाकरी-चटणी शिदोरींत दोन दिवस टिकते, तिच्या भरंवशावर तेथील दमट हवेंतल्या ओल्या खोबऱ्याच्या वाटणाची परीक्षा करूं नये.

मग जेवावें कोठें? माझें उत्तर थोडें विचित्र वाटेल. जेथें आपण पानावर बसण्यापूर्वीं कांहीं तास "किती माणसें?" असा प्रश्न विचारतात, तेथें जेवावें.

गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळें, मालवण, तारकर्ली, कोठेंहि जा. नारळी-पोफळीच्या वाडींतून आंत जाणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशीं "घरगुती जेवणाची सोय" अशी पाटी दिसते. आंत शिरल्यावर घरधनीण म्हणते, "आतां लगेच नाहीं हो मिळायचें; किती जण आहांत? एक वाजतां या." आपल्याकडील मंडळींना याचा राग येतो. पैसे देऊन वर तिष्ठत बसावयाचें! परंतु त्या उत्तराचा अर्थ असा, कीं भात अद्याप वैरलेला नाहीं, नारळ अद्याप फोडलेला नाहीं, आणि जें शिजेल तें तुमच्यापुरतें शिजेल. उरलेलें ठेवण्याचा प्रसंगच तेथें कमी येतो. उलट, ज्या भोजनगृहाच्या यादींत पंजाबी, चिनी, मोंगलाई आणि मालवणी मिळून शंभर पदार्थ असतात व त्यांतील कोणताहि दहा मिनिटांत पुढें येतो, तेथें तीन रंगांचे रस्से आधींच करून शीतपेटींत ठेविल्यावांचून गत्यंतर नसतें. शीतपेटी चांगली असेल, वीज अखंड असेल, नोकर दक्ष असेल, तर सर्व ठीक. पण इतक्या "तर"वर मी माझ्या नातवाचें पोट सोंपविणार नाहीं.

अन्नाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकानें, मग तो लहान कां असेना, २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याप्रमाणें नोंदणी करून चौदा आंकडी क्रमांक दर्शनीं भागीं लावावयाचा असतो. तो आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें. मात्र कागद भिंतीवर असतो आणि भात पातेल्यांत. हात धुण्याच्या जागीं साबण आहे कीं नाहीं, पुसण्याचें फडकें कोणत्या रंगाचें झालें आहे, आणि घरांतील माणसें तेंच जेवतात काय, या गोष्टी क्रमांकाहून अधिक बोलतात.

येथें आपल्या बाजूचें एक कर्तव्य आहे, आणि त्याविषयीं मला थोडें कडक बोलावयाचें आहे. सकाळीं दहा माणसांचें जेवण सांगावें, आणि दुपारीं पोहतां पोहतां दुसरीकडे भजीं खाऊन मोकळें व्हावें, पुन्हां तिकडे फिरकूंहि नये, हा प्रकार आपल्या प्रवाशांत सर्रास चालतो. त्या बाईनें दहा जणांचा भात, आमटी, भाजी, सोलकढी करून ठेवलेली असते. तें ती टाकून देईल तर तिची त्या दिवसाची कमाई बुडाली. न टाकील तर रात्रीं येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या पानांत तें जाण्याचा मोह उभा राहिला. एकाचें बेपर्वा वचन हें दुसऱ्याचें शिळें अन्न होतें. येतां येत नसेल तर तांदूळ धुण्यापूर्वीं दूरध्वनि करावा, आणि उशीर झालाच तर पैसे चुकते करावे.

आतां माशांविषयीं. समुद्राकांठीं आहे म्हणजे मासा ताजाच असणार, ही समजूत खरी नाहीं. जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना समुद्रांत मासेमारीची बंदी असते. त्या काळांत पानावर आलेली मोठी सुरमई किंवा पापलेट बहुधा बर्फांतून उठून आलेली असते. पावसाळ्यांत गेलांत तर खाडीचे छोटे मासे मागावे, अगर भाजी-भात जेवावा. इतर दिवसांत सकाळीं बंदरावर एक फेरी मारण्यासारखी करमणूक नाहीं. हर्णैला माशांचा लिलाव पाहावा, मालवणाकडे रापण ओढतांना पाहावी, आणि मग मासा पारखावा. डोळा स्वच्छ व फुगीर, कल्ला तांबडा, अंग बोटानें दाबतांच पूर्ववत् होणारें, आणि वास समुद्राचा, कुजकट नव्हे. बांगडा व कुपा या जातींच्या माशांत एक निराळाच धोका असतो. ते उन्हांत राहिले तर त्यांत हिस्टॅमिन नांवाचें द्रव्य सांठतें. तें शिजवूनहि जात नाहीं, आणि खाणाराचा चेहरा तांबडा होतो, अंगावर गांधी उठतात, डोकें दुखतें. लोक त्याला "मासा बाधला" म्हणतात. वास्तविक ऊन बाधलेलें असतें. तिसऱ्या-कालवांचें वेगळेंच आहे. हे जीव पाणी गाळून आपलें पोट भरतात, त्यामुळें खाडींत जें जें येऊन पडतें तें तें त्यांच्यांत सांठतें. गांवाचें सांडपाणी मिळतें त्या खाडीच्या तिसऱ्या खाऊं नयेत. आणि उकळल्यावरहि जी शिंपली उघडत नाहीं ती बाजूस सारावी.

रक्तदाब असलेल्या वडील माणसांनीं सुकट, खारा बांगडा व पापड-लोणचें यांचा मोह आंवरावा. मधुमेह्यानें हापूस चाखावा, पण आमरसाची वाटी भरूं नये. तळलेल्या तुकडीपेक्षां तिरफळ घातलेलें कालवण मला तरी दोन्ही अर्थांनीं हलकें वाटतें, पचनास आणि खिशास!

पाण्यापेक्षां बर्फाचें भय अधिक मानावें. आपण पाण्याची बाटली मोहोर पाहून विकत घेतों, आणि पुढच्याच क्षणीं कोकम सरबतांत मूठभर बर्फ घालून पितों. माशांसाठीं केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असतो असें नाहीं. तो सरबतांत जाऊं नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१८ मध्यें असा बर्फ निळ्या रंगाचा करावा असें फर्माविलें. पांढरा बर्फ म्हणजे शुद्धच, असा त्याचा उलट अर्थ मात्र कोणी काढूं नये. शहाळें हें ह्या बाबतींत निर्धास्त पेय आहे, कारण त्याची मोहोर निसर्गानें लावलेली असते. तें आपल्यासमोर फोडवून घ्यावें. सोलकढी ही पाचक म्हणून प्रसिद्ध आहे आणि तशी ती मला प्रियहि आहे; पण नारळाचें दूध कच्चें असतें, विस्तवाचा त्याला स्पर्श नसतो. म्हणून ती केव्हां काढली हें विचारण्यास संकोच करूं नये. दुपारच्या जेवणाची सोलकढी रात्रीं पिऊं नये.

एवढें करूनहि एखाद्याला जुलाब-ओकाऱ्या झाल्याच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोटघोट पाजीत राहावें, आणि मूल मलूल दिसूं लागलें, लघवी थांबली, तर विलंब न लावतां डॉक्टरकडे न्यावें. ही साधी वाटणारी गोष्ट किती मोलाची आहे, हें १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं दाखवून दिलें. पटकीनें माणसें पटापट मरत होतीं, शिरेंतून देण्याचें औषध संपत आलें होतें, तेव्हां त्यांनीं साखर-मिठाचें पाणी तोंडानें पाजून असंख्य जीव वांचविले. त्या द्रव्याच्या तयार पुड्या औषधाच्या दुकानांत मिळतात. कऱ्हाडला चहा घेण्यासाठीं गाडी थांबवाल तेव्हां चार घेऊन ठेवाव्या. जातां जातां हेंहि सांगतों, कीं तेथें मुलांना भरपेट मिसळ चारूं नये; पुढें कुंभार्लीचीं वळणें आहेत.

आतां खावें काय? घाटावरचा माणूस कोंकणांत जातो आणि तांबडा-पांढरा रस्सा मागतो, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. तेथील माणसें रोज जें खातात तेंच तेथें सर्वांत ताजें मिळतें, इतका साधा हिशेब आहे. सकाळीं उकड्या तांदळाची पेज व मेतकूट, किंवा घावन. दुपारीं भात, डाळीची आमटी, फणसाची भाजी, उन्हाळ्याच्या तोंडीं ओल्या काजूची उसळ. उकड्या तांदळाला शहरी मंडळी नाक मुरडतात. साळ उकडून मग कांडली असतां कोंड्यांतील 'ब' जीवनसत्त्वाचा अंश दाण्यांत मुरतो व टिकतो. जावा बेटावर १८९० च्या दशकांत आयकमन या डच डॉक्टरला आढळलें, कीं पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगानें लुळ्या पडतात व कोंडा मिळतांच सुधारतात. पुढें १९२९ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. कोंकणांतील आजीबाईला पारितोषिक मिळालें नाहीं, पण पेज ती तेव्हांहि देत होती.

आणि रात्रीच्या जेवणास कुळथाची पिठी व ऊन भात मागावा. दिवसभर समुद्रांत खेळून दमलेल्या मुलांना त्यासारखें हलकें अन्न नाहीं, आणि तें दहा मिनिटांत आपल्यासमोर शिजतें. आमच्या गांवचीं कुटुंबें ती पिठी मिटक्या मारीत खातात, कृति लिहून घेतात, आणि परततांना कुळथाच्या पिठाचे पुडे गाडींत टाकतात. तो कुळीथ म्हणजे आमचा हुलगाच. ह्याच हुलग्याचें माडगें आमच्या माळरानावर पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलें, आणि घरीं तें पुढें आलें तर हींच मुलें ताट बाजूस सारतात. विट्याच्या आठवडे बाजारांत हुलगा हवा तितका मिळतो.