पाडाला लागण्याआधी

श्रोतेहो, निवृत्तीनंतर राहायचं कुठे, असा विषय मला दिला आहे. आपलं घर, मुलाचं घर, ज्येष्ठांची संकुलं, वृद्धाश्रम, गावाकडचा वाडा... हे पर्याय तुम्हाला पाठ आहेत. मी घरोघरी जाऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट, मला आधी जिना दिसतो. म्हणून माझा प्रश्न साधा आहे. तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे, आणि इमारतीला लिफ्ट आहे का?

डोंबिवलीत, ठाण्यात, कोथरूडला, नाशकात तळमजला अधिक तीन अशा जुन्या इमारती गल्लोगल्ली आहेत. ऐन तिशीत कर्ज काढून लोकांनी तिथे घरं घेतली. वरचा मजला हवेशीर, डास कमी, म्हणून तोच हौसेनं मागून घेतला. एका मजल्याला अठरा-वीस पायऱ्या धरा, म्हणजे तिसरा मजला पन्नासच्या पुढे गेला. तक्रार सगळे चढण्याची करतात, पण दुखरा गुडघा कुरकुरतो तो उतरताना जास्त. मग आधी संध्याकाळचा फेरफटका सुटतो. मग भाजी फोनवरून यायला लागते. मग भिशी, कीर्तन, लग्नकार्य, एकेक गळत जातं. शेवटी माणूस खाली येतो तो दवाखान्यापुरता, तोही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. कारण त्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळतच नाही.

अशा घरात मी 'जागा बदला' म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, 'अजून हातपाय चालतायत, पुढचं पुढे.' अहो काका, चालतायत म्हणूनच तर आत्ता!

लोणच्याची कैरी तुम्ही कशी निवडून आणता? कडक, आंबट, बाठ धरलेली. अडकित्त्याखाली कचकन बोलली पाहिजे. एकदा का ती पाडाला लागली, की मसाला कितीही झणझणीत असो, फोडी लिबलिबीत व्हायच्या त्या होणारच. घर बदलणंही तसं हंगामाचं काम आहे. आणि घातल्या दिवशी लोणचं कुणी पानात वाढत नाही, ते मुरावं लागतं. नव्या जागेत वाणी कोण, रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण, शेजारच्या वहिनींकडे किल्ली ठेवावी की नाही, हे कळायला वर्ष-दोन वर्षं जातात. बासष्टीत गेलात तर मुरायला भरपूर वेळ आहे. अठ्ठ्याहत्तरीत खुबा मोडला आणि मुलानं घाईघाईत हलवलं, तर बरणी दुसऱ्याची आणि मीठही दुसऱ्याच्या अंदाजाचं.

थोडं कडक बोलते, रागावू नका. ज्येष्ठांच्या बऱ्याच संकुलांत, वृद्धाश्रमांत प्रवेशाच्या वेळी पहिला प्रश्न असतो : स्वतःचं स्वतः करता येतं का? आत राहत असताना दुखणं आलं तर काही ठिकाणी सांभाळून घेतात. दुखणं घेऊन दाराशी गेलात तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात. मग उरतं शुश्रूषा केंद्र, आणि तिथले दर ऐकून मुलांचा चेहरा पाहवत नाही. तुम्ही म्हणता, वेळ आली की जाऊ वृद्धाश्रमात. वेळ आली की ते घेत नाहीत!

दुसरं उत्तर मिळतं, 'आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे.' कधी? २०१९ च्या शासन निर्णयानं ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी केली, हे खरं. पण संमतीपासून नव्या घराच्या किल्लीपर्यंत वर्षं जातात, आणि मधला काळ भाड्याच्या घरात काढायचा. म्हणजे म्हातारपणी एकाऐवजी दोनदा बिऱ्हाड हलवायचं. माझा रिडेव्हलपमेंटला विरोध नाही. निदान भाड्याची जागा तरी तळमजल्याची किंवा लिफ्टची घ्या. जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट जोडतात, तीही नीट पाहून घ्या. पुष्कळदा ती दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर थांबते, म्हणजे अर्धा जिना उरतोच. शिवाय सर्वसाधारण सभेत तळमजल्याचे सभासद 'आम्ही पैसे का द्यायचे' म्हणून उठतात. त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा.

मी तुम्हाला गाव सोडायला सांगत नाही. त्याच गल्लीत, चार इमारती सोडून, लिफ्टचं लहान घर बघा. तोच दूधवाला, तोच कट्टा. जुनं घर विकून झालेला नफा दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेण्यात घातला, तर त्यावरचा कर वाचतो, पण त्यातल्या अटी सीएकडून समजून घ्या. विकायला जीव होत नसेल तर वरचं भाड्यानं द्या आणि खालचं भाड्यानं घ्या. 'स्वतःचं घर असताना भाड्यानं राहायचं?' असं नाक मुरडू नका. पन्नास पायऱ्यांवरची मालकी घेऊन करायचं काय?

तळेगाव, कर्जतकडच्या जाहिराती तुम्ही पाहता. गॅलरीतून डोंगर दिसतो, छान. पण गाडी चालवणारा थकला की नुसता डोंगरच दिसत राहतो. आवडलंच तर आधी भर पावसाळ्यात महिनाभर तिथे राहून बघा. आणि नवं घर कुठेही घ्या, दोघांच्या नावावर घ्या. मागे राहणाऱ्या आजींना सोसायटीच्या कार्यालयात खेटे घालायला... असो, तो विषय वेगळा, मृत्युपत्राकडे जातो.

स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण होते आहे. पुन्हा सांगते, कुणाचं ऐकायचं राहिलं असेल म्हणून : मजला आणि लिफ्ट. साठीत बघा, पडल्यावर नव्हे.

न्हाणीघराचं राहूनच गेलं. एवढं तरी लिहून घ्या. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करून घ्या, कारण आत माणूस पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरूनही काढता येईल अशी हवी. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलच्या दांड्याला धरून उठू नका, तो तुमचं वजन घेणार नाही. आणि फरशी घेताना ओल्या पायानं... नाही, वेळ संपली.