लेकीचा लॅपटॉप आणि आम्ही
(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झालेली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. अशा वेळी बोलायला उभं राहणाऱ्यानं फार ताणू नये, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी कार्यवाहांनी आग्रह धरला, कारण गेल्या वर्षभरात मंडळातल्या सात-आठ घरांतून आम्हाला एकच फोन आला : "आमचा मुलगा गेम बनवायचं शिकतो म्हणतो, लॅपटॉप कोणता घ्यावा?"

आम्ही दोघं संगणकातले तज्ज्ञ नाही. आमच्यापैकी एकाची नोकरी रेल्वेत झाली, दुसरीची शाळेत. आमचं भांडवल एवढंच, की आम्ही एकदा चुकीचा लॅपटॉप घेतला आणि त्याची किंमत नुसत्या पैशांत मोजावी लागली नाही. तुमची तरी ती चूक टळावी, म्हणून बोलतो.

आमच्या लेकीनं बारावीनंतर ॲनिमेशन आणि गेमच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. घरात पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल, ते सांगायला नको. 'खेळ खेळून कुणाचं पोट भरलंय?' असं आम्हीही म्हणालो. वर्गातून यंत्राची यादी आली होती. ती नीट न वाचताच आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, "सब चलता है, साहब. लेटेस्ट है." लॅपटॉप दिसायला सुरेख, पातळ, दीड किलोच्या आत, किंमत ५४ हजार. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले होते. पेढे वाटून घरी आणला.

तिसऱ्या महिन्यापासून लेक गप्प राहू लागली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायची. आम्हाला वाटलं, अभ्यास जड आहे. सत्राच्या शेवटी दहा सेकंदांची चित्रफीत द्यायची होती, ती तिला वेळेत देता आली नाही. त्या दिवशी जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "आई, मला हे जमत नाही. बाकीच्यांचं होतं, माझंच होत नाही." अभ्यासक्रम सोडण्यापर्यंत बोलणं आलं होतं. खरं सांगतो, आमच्यापैकी एकाच्या मनात तेव्हा 'बघ, सांगितलं होतं' असंही येऊन गेलं.

मग एका रविवारी आम्ही तिच्या शेजारी खुर्च्या टाकून बसलो आणि म्हटलं, काय करतेस ते दाखव. ती गणपतीची मूर्ती घडवत होती. धूलपेटेत कारागीर मातीचा गोळा हातात घेतो, तसा तिच्यासमोर पडद्यावर एक गोळा. तो दाबायचा, ओढायचा, सोंड काढायची, कान पातळ करायचे. मात्र ही माती म्हणजे लाखो बारीक चौकोनांची जाळी असते. सोंडेवरची एक वळी कोरायला तिनं पेन टेकवलं, की आकृती दोन-तीन सेकंद गोठायची आणि मग एकदम उडी मारायची. अशा यंत्रावर कुणालाही हात बसवता येणार नाही. शाडूची माती दर दोन मिनिटांनी दगड होऊ लागली, तर मूर्तिकाराची बोटं काय करणार?

पुढचा हिशोब तिनं वहीत मांडून दाखवला. चित्रपटासारख्या चित्रफितीत एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. दहा सेकंदांची झाली २४०. त्या लॅपटॉपवर उजेड-सावलीसह एक चित्र तयार व्हायला १२ मिनिटं लागत होती. म्हणजे २८८० मिनिटं, पूर्ण दोन दिवस आणि दोन रात्री! मध्ये यंत्र तापून बंद पडलं, की राहिलेलं काम पुन्हा चालू करायचं. मैत्रिणीच्या यंत्रावर तेच चित्र एका मिनिटात होत होतं. तिथे सगळं काम चार तासांत आटोपायचं. लेक कमी पडत नव्हती, आम्ही आणलेलं अवजार कमी पडत होतं. हे कळायला आम्हाला सहा महिने लागले.

आता मुद्द्याचं सांगतो. दुकानात जाण्याआधी या गोष्टी कागदावर लिहून न्या.

पहिली गोष्ट ग्राफिक्स कार्ड. साध्या लॅपटॉपमध्ये चित्रांचं काम प्रोसेसरच्याच पोटातला एक भाग करतो. पत्रव्यवहार, हिशोब, चित्रपट बघणं यांना तो पुरतो. गेम आणि मॉडेलिंगला स्वतंत्र कार्ड हवं आणि त्या कार्डाला स्वतःची मेमरी हवी, तिला व्हीरॅम म्हणतात. ब्लेंडर आणि अनरियल इंजिन या दोन्ही सॉफ्टवेअरच्या शिफारशीत ८ जीबी व्हीरॅम सांगितलेली आहे. अगदीच ओढाताण असेल तर ६ जीबीवर शिकता येतं, पण ४ जीबीचं कार्ड नव्यानं घेऊ नये. दृश्य त्या मेमरीत मावलं नाही, की काम रखडतं किंवा थांबतं.

इथे एक मेख आहे. कार्डाचं नाव एकच, पण ताकद निराळी असू शकते. आर.टी.एक्स. ४०६० हे लॅपटॉपमधलं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते. पातळ लॅपटॉपमध्ये ते कमी विजेवर ठेवतात, कारण उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. एकाच गावचे दोन पैलवान असावेत, एकाला पोटभर खुराक आणि दुसऱ्याला अर्धपोटी, तसंच हे. म्हणून नुसतं नाव न विचारता 'कार्ड किती वॅटचं?' असं विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात टी.जी.पी. या नावाखाली पाहा. शिवाय टेबलावरच्या संगणकातलं आणि लॅपटॉपमधलं कार्ड एकाच क्रमांकाचं असलं तरी सारखं नसतं. ४०७० क्रमांकाच्या कार्डाला टेबलावर १२ जीबी मेमरी मिळते, लॅपटॉपमध्ये ८.

दुसरी गोष्ट रॅम. गेमसाठी मूर्ती दोनदा घडवावी लागते. आधी लाखो चौकोनांची बारीक कोरीव मूर्ती, मग तिच्याच अंगावरून काही हजार चौकोनांची हलकी मूर्ती, आणि बारीक मूर्तीवरचं कोरीवकाम हलक्या मूर्तीवर चित्राच्या रूपानं चढवायचं. त्या वेळी दोन्ही मूर्ती उघड्या, शेजारी रंगकामाचं सॉफ्टवेअर उघडं आणि गेमचं इंजिनही उघडं. १६ जीबीवर सुरुवात होते, ३२ जीबीवर सुख लागतं. आमच्या पहिल्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी होती आणि ती पाटीवर कायमची डाग देऊन बसवलेली, वाढवता येईना. म्हणून विचारा : रॅमला मोकळी खाच आहे का? दुसऱ्या वेळी आम्ही १६ जीबीचा घेतला आणि पुढे पार्कलेनला चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे आपल्या सीटीसीत, जाऊन आणखी १६ बसवून घेतली. खर्च दोन टप्प्यांत विभागला गेला.

तिसरी, प्रोसेसर. नुसतं 'आय-सेव्हन आहे' यावर भुलू नका. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी यू असेल, तर तो वीज वाचवणारा. आपल्या कामाला एच किंवा एच-एक्स बघा, एएमडीमध्ये एच-एस किंवा एच-एक्स. अनरियलमध्ये मोठा प्रकल्प प्रथम उघडताना हजारो शेडर तयार होतात, ते काम प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांवर पडतं.

चौथी, साठवण. एसएसडीच हवी आणि एक टीबी असावी. एकटं अनरियल इंजिनच कित्येक जीबी जागा खातं. कामाची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर रोज ठेवायची सवय मुलांना लावा, ती आपल्या पिढीच्या पासबुकाइतकी महत्त्वाची आहे.

पाचवी, पडदा. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' दिसलं, तर तो पडदा रंग फिके दाखवतो. मुलांनी भगवा रंगवावा आणि दुसऱ्या पडद्यावर तो निराळाच दिसावा, असं होतं. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला पडदा घ्या.

सहावी गोष्ट कोणी सांगत नाही, ती उष्णता. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. यंत्र तापलं, की ते स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतं. पलंगावर, गोधडीवर ठेवून काम करू देऊ नका. खाली स्टँड द्या, पंख्यांची जाळी साफ ठेवा. आणि असा लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण ताकदीनं चालत नाही, वीज जोडूनच काम करायचं. वजनही पाहा. लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा आणि चार्जर वेगळा. सिकंदराबादहून रायदुर्गपर्यंत मेट्रोत उभ्यानं जाणाऱ्या मुलाच्या खांद्याला ते रोज कळतं.

ज्यांना रोज यंत्र न्यावं लागत नाही, त्यांनी टेबलावरच्या संगणकाचा विचार जरूर करावा. त्याच पैशांत ताकद जास्त मिळते आणि पुढे सुटे भाग बदलता येतात. मॅक घ्यायचा असेल, तर आधी अभ्यासक्रमातली सॉफ्टवेअर पाहा. थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालतं. उलट, आयफोनसाठी गेम तयार करायचा तर एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच असतं.

सॉफ्टवेअरच्या खर्चाची मात्र धास्ती घेऊ नका आणि चोरीची प्रत तर अजिबात नको. ब्लेंडर आणि गोडो पूर्णपणे मोफत आहेत. युनिटी आणि अनरियल शिकायला पैसे पडत नाहीत. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना माया मोफत वापरू देते. 'फ्लो' नावाचा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्ये बनला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. म्हणजे हातातला पैसा सगळा यंत्रावर घालता येतो.

पोट भरतं का, हा आमचाच जुना प्रश्न. आपल्याच शहरातल्या ग्रीन गोल्डनं 'छोटा भीम' घडवला, २००८ पासून तो घराघरांत आहे. २०१२ च्या 'ईगा' चित्रपटातली ती माशी हैदराबादच्या मकुटा व्हीएफएक्सनं जिवंत केली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं 'राजी' हा गेम केला. तो २०२० मध्ये जगभर गेला. त्यात कथा सांगायला छायाबाहुल्यांचा वापर आहे आणि नायिका आहे भावाला शोधायला निघालेली एक मुलगी. वाट खडतर आहे, नोकरीची हमी कोणी देणार नाही. पण ही वाट आहे, एवढं आता आम्ही खात्रीनं म्हणतो.

आमचा दुसरा लॅपटॉप ९८ हजारांचा. पहिला भाच्यानं ३५ हजारांना घेतला. तो सी.ए. करतो आणि त्याच्या कामाला ते यंत्र उत्तम चालतं. यंत्र वाईट नव्हतंच, आम्ही ते चुकीच्या कामाला जुंपलं होतं. १९ हजारांचं नुकसान झालं, ते आम्ही आमच्या शिकण्याची फी म्हणून धरलं. लेकीनं राहिलेली चित्रफीत पुढच्या सत्रात दिली आणि अभ्यासक्रम सोडला नाही.

पालकांना शेवटचं सांगणं एवढंच. खरेदीला निघण्याआधी एक संध्याकाळ मुलाशेजारी बसा आणि तो काय करतो ते बघा. समजलं नाही तरी बघा. आणि एखादं मूल 'मला जमत नाही' म्हणालं, तर आधी त्याच्या हातातलं अवजार तपासा, मग त्याची बुद्धी.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगणं. यंत्र पुरत नसेल तर आई-बाबांना वेळेवर सांगा. आमची लेक सहा महिने गप्प राहिली, कारण पैसे निधीतून काढले होते हे तिला माहीत होतं.

चौदा विद्या, चौसष्ट कलांचा अधिपती समोर बसला आहे. या पासष्टाव्या कलेलाही तो आपलं म्हणेल, याबद्दल आम्हाला शंका नाही. गणपती बाप्पा मोरया!