ठाणे खाडीतले रोहित

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फेरीची बोट सुटते ती भरती-ओहोटीचं गणित पाहूनच. तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. ठाणे खाडीचं हे रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं.

पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो. तिवरांची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं वर डोकावतात, मधूनच एखादी निवटी टुणकन उडी मारते. आणि पलीकडे रोहितांचे थवे! माना खाली, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून अन्न टिपत असतात. पंखांचा तो गुलाबी रंग या अन्नातूनच येतो, बरं का. दुर्बीण जरूर न्या, पण बोला हळू. थवा बिचकून उठला, की पाखरांचं चरणं अर्धवट राहतं.