काम नावानं द्या, हिशेब उघडा ठेवा

(आपल्या महासंघाच्या पुणे येथे झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण. वक्त्या आपल्याच एका गटातील ताईंच्या कन्या असून त्यांनी पुण्यात एमबीएचे शिक्षण घेतले आहे.)



मला सांगितलं होतं की एमबीएला काय शिकलीस ते बायांना सांग. दोन वर्षांत पुस्तकं पुष्कळ वाचली. पण माणसं बरोबर घेऊन काम कसं करायचं, हे मी वर्गात कमी आणि एका परिषदेच्या तयारीत जास्त शिकले. तेच सांगते.

पुण्यात कॉलेजच्या मुलांच्या परिषदा खूप होतात. कोथरूडला एमआयटीत २०११ पासून भारतीय छात्र संसद भरते, तिला देशभरातून मुलं येतात. आमच्या कॉलेजची परिषद त्यामानानं लहान. दोन दिवस, बाहेरून येणारी तीनशे मुलं आणि दहा-बारा पाहुणे. पण सगळं मुलांनीच करायचं, सर फक्त लांबून बघणार. पाहुण्यांना पत्रं, हॉल, माइक, नोंदणी, जेवण, झोपायची सोय, पैसे गोळा करणं आणि शेवटी हिशेब. घरात लग्न निघावं आणि मोठं माणूस कुणीच नसावं, तसं ते असतं.

पहिल्या वर्षी कामं वाटताना सगळे म्हणाले, जेवणाचं मुली बघतील. मी ते घेतलं, पण सांगितलं की जेवणाचे पैसे आणि त्याचा हिशेबही आमच्याकडेच राहील. पैसा दुसऱ्याच्या हातात आणि राबणं आपलं, हे आपल्या बायांना नवीन नाही. त्या हिशेबावरूनच पुढच्या वर्षी मुलांनी मला संयोजक निवडलं.

आम्ही चाळीस जण होतो. पहिल्या बैठकीत प्रत्येक कामाला सगळे "हो हो, करू या" म्हणायचे. "करू या" म्हटलं की ते काम कुणाचंच नसतं. म्हणून भिंतीवर मोठा कागद लावला आणि त्यावर रकाने आखले: काम, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती व्यक्ती नसली तर दुसरं कोण.

दुसऱ्या नावाचा रकाना मी आईच्या गटामुळे ठेवला. तिथं सगळी दप्तरं एकाच ताईंना यायची. त्या हुशार आणि प्रामाणिक. मुलाकडे चिंचवडला राहायला गेल्या आणि गट चार महिने बंद पडला. त्याच वेळी एका मावशीच्या लेकीचं बाळंतपण आलं. गटाचे पैसे बँकेत पडून होते आणि मावशीला सावकाराकडून व्याजानं पैसे काढावे लागले. ताईंचा त्यात काही दोष नव्हता. त्यांच्या शेजारी बसून दप्तर शिकायला कुणालाच बसवलं नव्हतं.

परिषदेला आठ दिवस राहिले आणि एका कंपनीनं कबूल केलेले दीड लाख रुपये देणार नाही म्हणून कळवलं. एकूण खर्चच चार लाखांचा. काही जण म्हणाले, बाकीच्यांना कळू देऊ नका, घाबरतील. मी सगळ्यांना बोलावलं, जमिनीवर गोल बसवलं आणि फळ्यावर तीन आकडे लिहिले: हातात किती, लागणार किती, कमी किती. मग एकेकाला क्रमानं विचारलं. आपल्या गटाच्या बैठकीत विचारतात तसंच.

परभणीकडची एक मुलगी होती. बैठकीत कधी तोंड उघडत नसे. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "पाहुण्यांना गुच्छ, मुलांना पिशव्या, गेटवर तीन-तीन फ्लेक्स, यातलं काय नसलं तर परिषद अडेल?" वहीत तिनं बेरीजही करून ठेवली होती. पन्नास हजारांच्या वर वाचत होते. एवढे दिवस तिला कुणी विचारलंच नव्हतं. जोरात बोलणाऱ्यांचंच ऐकून बैठक संपवली असती, तर ती वही तशीच मिटून राहिली असती.

दुसरी बचत जेवणात झाली. हॉटेलवाल्याचं ताट परवडेना, म्हणून दुपारचं जेवण आमच्या तालुक्यातल्या एका गटाला दिलं. त्या बायांनी इथल्या भीमथडी जत्रेत स्टॉल लावलेला होता, गर्दीची सवय होती. दोन दिवस पिठलं-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ. मुलांनी ताटं पुसून खाल्ली आणि गटाला ठरलेली रक्कम त्याच आठवड्यात पोचली. उरलेली तूट माजी विद्यार्थ्यांकडून थोडी-थोडी जमवली. एक वक्ते एक्स्प्रेसवेवर अडकले, तेव्हा कागदावरचं दुसरं नाव कामाला आलं. त्या मुलानं पुढचं सत्र आधी घेतलं. हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही.

परिषद संपल्यावर आठ दिवसांत सगळा जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवला. पुढच्या वर्षीच्या मुलांना महिनाभर आमच्या शेजारी बसवलं.

बायांनो, यातलं कुठलं तुम्हाला नवीन आहे? नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री तुम्ही पाळताच. कॉलेजात त्याला मोठी नावं आहेत, एवढाच फरक. आणि परिषद भरवणं हे काही शिकल्या-सवरल्या मुलांनीच सुरू केलेलं नाही. याच पुण्यात जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली. मुलींच्या शिक्षणावर बोलायला देशभरातून बाया आल्या. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या. आधी ठिकठिकाणी लहान सभा झाल्या, तिथून निवडलेल्या प्रतिनिधी पुण्याला आल्या. आपला गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ तसाच चालतो. त्या पुढं थांबल्या नाहीत. त्यांच्या प्रयत्नातून १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज उभं राहिलं.

आता आपल्याकडे बघू. किती गटांत गट स्थापन झाल्यापासून अध्यक्ष आणि सचिव त्याच आहेत? हात वर करू नका, मनात मोजा. किती घरांत सही बाईची आणि वही मालकांच्या हातात? पदाची पाळी आली की आपण म्हणतो, "मला नाही बाई जमायचं, तुम्हीच राहा." जुन्या ताई थकतात, नव्या शिकत नाहीत. मग ताई आजारी पडल्या किंवा गाव सोडून गेल्या की अडचण सगळ्यांची होते. आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. तिथं बसायची तयारी गटात झाली नाही, तर होणार कुठं?

म्हणून एक मागणं आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती येते. प्रत्येक ग्रामसंघानं त्या दिवशी एक मेळावा घ्यावा, आणि तो ज्यांनी आजवर कुठलं पद घेतलं नाही अशा बायांच्या हाती द्यावा. जुन्या ताईंनी शेजारी बसावं. विचारलं तर सांगावं, पण माइक आणि पैशाची पिशवी नव्या हातात असू द्यावी. भिंतीवर कागद लावा, प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा. ज्या बोलत नाहीत त्यांना नाव घेऊन विचारा. खर्च पाचशे रुपये झाला तरी पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.

मेळाव्यात भाषण अडखळलं तर अडखळू द्या. चहा कमी पडला तर अर्धा-अर्धा कप घेऊ. मार्चमध्ये गटाची पदं बदलायची वेळ येईल, तेव्हा "मी करते" म्हणणारी निदान एक बाई प्रत्येक गटात तयार असली पाहिजे.