माप घेऊन केलेली नक्कल

मागच्या बैठकीत आमच्या गटात वाद झाला. शेजारच्या गावच्या गटासारखे नाचणीचे पापड आपण केले, तर ती चोरी म्हणायची का? उत्तर शोधता शोधता आम्ही पोचलो गोल्फच्या मैदानात. हसू नका, ऐका तर खरं.

चेंडू मारायच्या जागेपासून झेंड्याच्या खळगीपर्यंतचा पट्टा म्हणजे ‘होल’. मोठ्या मैदानात असे १८. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड १८७२ साली शिकायला स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला गेले आणि या खेळाच्या नादी लागले. परतले, तर अमेरिकेत मैदानच नाही! पुढं मैदानं झाली, पण त्यांच्या मनाला येईनात. मग १९०२ पासून त्यांनी ब्रिटनच्या वाऱ्या केल्या, नावाजलेले होल पाहिले, नकाशे आणि मापं जमवली.

नॉर्थ बेरिकचा ‘रेडान’ घ्या. क्रिमियाच्या युद्धातल्या रशियन तटबंदीवरून हे नाव पडलं. तिथं झेंड्याभोवतीची हिरवळ तिरकी, मागं डावीकडं उतरती. पुढं डाव्या अंगाला वाळूचा खोल खड्डा. थेट झेंड्यावर नेम धरला, तर चेंडू खड्ड्यात तरी जातो, नाहीतर पलीकडं घरंगळतो. शहाणा खेळाडू उजवीकडं टाकतो, मग उतारच चेंडू झेंड्याकडं नेतो.

मॅकडोनल्डसाहेबांनी उचलली ती ही युक्ती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर साउदॅम्प्टनला झुडपांची रेताड जमीन घेतली आणि कुठला होल कुठं साजेल ते फिरून पाहिलं. जुन्या ब्लाउजचं माप घ्यायचं, पण कात्री लावायची ती नवं कापड बघून, तसंच. प्रेस्टविकचा ‘आल्प्स’, सँडविचचा ‘सहारा’, सेंट अँड्र्यूजचा ‘ईडन’ही असेच आले. जमीन मोजायला तिथलेच सेथ रेनर बोलावले होते. गोल्फशी त्यांचा संबंध नव्हता, पण पुढं ते स्वतःच मैदानं आखू लागले. आम्हाला खरं कौतुक वाटलं ते त्यांचं.

१९११ साली ‘नॅशनल गोल्फ लिंक्स’ रीतसर सुरू झालं. तिथला रेडान मुळापेक्षा सरस, असं म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत. मूळ ठिकाणी हिरवळ धड दिसत नाही, इथं दिसते. आणि सगळंच उसनं नव्हतं, बरं का. पाण्याच्या कडेचा ‘केप’ त्यांनी स्वतः रचला, पुढं इतरांनी त्याची नक्कल केली.

पापडाचं अजून ठरलेलं नाही. सोमवारी आमच्यातल्या दोघी त्या गावी जाणार आहेत, आधी विचारायला, मग शिकायला.