साहेबांचा पगार आणि आपला हिशेब

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कराचा विषय निघाला की आपल्यातल्या बऱ्याचजणी वही मिटतात. मीही मिटत होते. मी समाजकार्य शिकले, अर्थशास्त्र नाही. पण बचत गटाचा हिशेब आपल्या सगळ्यांना येतो, तेवढं आज पुरेसं आहे.

गटाने पापड विकले. उडदाचं पीठ, पापडखार, गाडीभाडं, लाटणाऱ्या बायकांची मजुरी वजा केली की उरतो तो नफा. कंपनीचा हिशेब असाच असतो. पगार हा तिचा खर्च. तो उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेल्या नफ्यावर कर बसतो. ही झाली वजावट. आता समजा, गटाच्या अध्यक्षबाईंनी स्वतःचं मानधन भरमसाट लिहिलं आणि म्हणाल्या, हाही धंद्याचा खर्चच! आपण गप्प बसू का?

अमेरिकेत हाच प्रश्न 1992 च्या निवडणुकीत आला. मोठ्या कंपन्यांच्या साहेबांचे पगार फार वाढले होते. समजा, एका साहेबाला वर्षाला 50 लाख डॉलर मिळतात. कराचा दर 35 टक्के. सगळा पगार वजा केला तर कंपनीचा कर साडेसतरा लाख डॉलरनी कमी होतो. बिल क्लिंटन निवडून आल्यावर 1993 मध्ये कायदा झाला: शेअर बाजारातल्या कंपन्यांनी सर्वांत वरच्या पाच अधिकाऱ्यांना हवा तेवढा पगार द्यावा, पण वजावट माणशी 10 लाख डॉलरपर्यंतच मिळेल.

ऐकायला छान वाटतं. पण कायद्यात एक पळवाट ठेवली होती. पगार 'कामगिरीवर आधारित' असेल आणि भागधारकांनी त्याला मान्यता दिली असेल, तर मर्यादा लागू नाही. मग काय झालं? अनेक ठिकाणी रोख पगार दहा लाखांच्या आसपास थांबले आणि बाकीची रक्कम शेअर ऑप्शनच्या रूपाने मिळू लागली. शेअर ऑप्शन म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे कधीतरी शेअर घेण्याचा हक्क. भाव चढला की साहेबांची चांदी. तो साहेबांच्या कर्तबगारीने चढला की सगळा बाजारच वर गेला म्हणून, हे कुणी विचारत नव्हतं. पगार रोखायला आणलेल्या कायद्यानंतर साहेबांची कमाई कितीतरी पटींनी वाढली.

ही पळवाट बुजायला 2017 साल उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने कामगिरीची सवलत काढली, पण त्याच कायद्याने कंपन्यांचा कर 35 वरून 21 टक्क्यांवर आणला. एका हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने त्याहून जास्त दिलं. पुढे 2021 मध्ये आणखी पाच जास्त पगारदारांना ही मर्यादा लावायचं ठरलं, तेही 2026 संपल्यानंतर सुरू होणाऱ्या करवर्षांपासून.

कुणी म्हणेल, साहेब स्वतःच्या पगारावर आयकर भरतोच की. खरं आहे. म्हणून प्रश्न फक्त तिजोरीचा नाही. 'आवश्यक खर्च' कशाला म्हणायचं आणि ते कोण ठरवणार, हा खरा प्रश्न आहे.

याच अमेरिकेतली 1939 सालची गोष्ट ऐका. नवराबायको दोघंही नोकरी करणारे. त्यांनी मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार कामाचा खर्च म्हणून दाखवला. ती नसेल तर आई कामावर जाणार कशी, असं त्यांचं म्हणणं होतं. कराच्या न्यायमंडळाने ते फेटाळलं. हा खासगी, घरगुती खर्च आहे, असा निकाल दिला. मर्यादित वजावट मिळायला 1954 साल उजाडावं लागलं. आपल्याकडेही नोकरदार बाईला पाळणाघराची फी कामाचा खर्च म्हणून पगारातून वजा करता येत नाही. साहेबांची कोटींची कमाई धंद्यासाठी आवश्यक आणि मूल सांभाळणं खासगी!

'कामगिरी' हा शब्दही तपासून पाहा. वर बसलेल्याच्या बाबतीत त्याचा अर्थ करात सवलत असा झाला. आपल्या आशाताईंना 2005 मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून कामागणिक मोबदला ठरला, आणि त्यांना नाव दिलं 'स्वयंसेविका'. शब्द एकच, पण एकीकडे तो तिजोरी उघडतो आणि दुसरीकडे पगाराचा हक्क नाकारतो.

भारतात पगाराच्या वजावटीला अशी दहा लाखांसारखी ठरीव मर्यादा नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने दोन गोष्टी केल्या. सार्वजनिक कंपनीच्या संचालक-व्यवस्थापकांचं एकूण वेतन निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांवर बांधलं, पण भागधारकांच्या सर्वसाधारण सभेच्या मान्यतेने ही मर्यादा ओलांडता येते. म्हणजे पळवाट इथेही आहेच. दुसरं, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे हे जाहीर करावं लागतं. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर रांगेच्या मध्यावर येणारा. पण कंत्राटदारामार्फत झाडू मारायला येणारी बाई कंपनीच्या पगारपत्रकावरच नसते. ती त्या रांगेत उभीच नाही. तिला धरलं तर हा आकडा कुठे जाईल, विचार करा.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आपल्या भागातल्या कारखान्याचा वार्षिक अहवाल मिळवा, त्यातला हा 'पट' शोधा आणि पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा. कंत्राटी बायकांना त्या हिशेबात धरा, ही मागणी लावून धरा. पाळणाघराचा खर्च हा कामाचा खर्च आहे, हेही मागा. आणि कायदा मागताना त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जा. अमेरिकेत 1993 साली मर्यादा सगळ्यांना दिसली होती. साहेबांच्या वकिलांनी 'परंतु' वाचला होता.